मेट्रोतला मान

बन्सीनगर स्टेशनात मेट्रोचं दार उघडलं. प्रेमिलानं पदर सावरून आत पाऊल टाकलं आणि दाराजवळ बसलेला कॉलेजचा पोरगा ताडकन उठला.

"बसा काकू, बसा."

"अरे बस नं बाप्पा. मी काही एवढी म्हातारी नाही झाली," प्रेमिला म्हणाली आणि म्हणता म्हणता बसलीही. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्या भरून आल्या होत्या. पोरानं बॅग उचलली आणि तो पार डब्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिला. तेवढ्यात तिच्या उजव्या हाताला बसलेली मुलगीही उठली. ओढणी नाकाशी धरून तीही पलीकडे निघून गेली.

एका बाईसाठी दोन-दोन जणांनी उठायचं! प्रेमिलाला अगदी भरून आलं. तिनं हातातली पिशवी शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवली, पण लगेच उचलून मांडीवर घेतली. लोकांनी मान दिला म्हणून आपण पसरून बसू नये. कोणी आलं बसायला, तर जागा हवी.

कोणी आलं नाही. गाडी सुटली.

हल्लीच्या पोरांना वळण नाही म्हणून जे लोक बोटं मोडतात, त्यांना एकदा संध्याकाळच्या मेट्रोत आणून बसवायला हवं, असं प्रेमिलाचं ठाम मत झालं होतं. हे मत ती दर रविवारी माहेरी पारशिवनीला फोन करून शोभाताईंना ऐकवायची. शोभाताई म्हणजे तिच्या थोरल्या भावाची बायको. जगात तिचं म्हणून जे काही गणगोत उरलं होतं, ते त्या एका घरात होतं.

"वहिनी, मी चढली की लोक उठून उभे राहतेत. खरं सांगून राहिली."

"हो वं बाई. तू कलेक्टरीण लागून गेली का?"

"तुम्ही या तं एकदा. डोळ्यानं पाहा."

शोभाताई हसायच्या, शेतातल्या कपाशीची आणि लेकीच्या, मिनलच्या, लग्नाची गोष्ट काढायच्या आणि फोन ठेवून द्यायच्या. प्रेमिलाला मात्र त्यानंतरही बराच वेळ बरं वाटत राहायचं.

ती गिरिधर मसाल्याच्या कारखान्यात कामाला होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांत नवरा गेला, पदरात मूल नव्हतं, तेव्हा नंदनवनातल्या दोन खोल्या आणि इतवारीतलं हे काम, एवढंच हाती उरलं. मिरचीची देठं खुडण्यापासून सुरुवात करून ती मिश्रणाच्या खोलीपर्यंत पोचली होती. भाजलेले धने, खोबरं, दगडफूल आणि वरून तिखटाची पोतीच्या पोती. मसाल्याच्या कारखान्यात नवा माणूस पहिले काही दिवस शिंकून शिंकून बेजार होतो, मालकाच्या नावानं खडे फोडतो, आणि मग एक दिवस त्याचं नाक हात टेकतं. प्रेमिलाच्या नाकानं हात टेकले, त्याला आता जमाना लोटला होता.

जुना कारखाना इतवारीत होता. गल्लीच्या आत गल्ली, तिच्या आत जिना. संध्याकाळी सुटी झाली की प्रेमिला आणि रुख्मिणी पायीच निघायच्या. रुख्मिणी तिच्याच बरोबरीनं कामाला लागलेली, जगनाडे चौकाच्या अलीकडे राहायची. त्यांच्या सोबत कारखान्यातला चक्कीवाला गोविंदा सायकल हातात धरून चालायचा. सायकल असून चालायचा, कारण सायकलवर बसून गप्पा होत नाहीत. हातगाड्या चुकवत, टेम्पोवाल्यांना वाट देत ही तिघं भांडेबाजारातून निघाली की एका दुकानाचा दिवाणजी गादीवरूनच ओरडायचा, "आली, आली, मिरचीची वरात आली!"

"तुम्ही नवरदेव होऊन घोड्यावर बसा नं दिवाणजी, म्हणजे पुरी होते वरात," रुख्मिणीचं उत्तर ठरलेलं.

रोज तेच बोलणं, रोज तेवढंच हसणं. तिथं कोणाच्या अंगाला कसला वास येतो हे कोणी काढत नव्हतं. कापडाची खळ, सराफाकडचं तेजाब, गुळाच्या भेल्या, ओलं बारदान, जो तो आपापला वास अंगावर घेऊनच हिंडायचा.

जगनाडे चौक येईपर्यंत रुख्मिणीच्या सुनेपासून वांग्याच्या भावापर्यंत सगळं बोलून व्हायचं. पुढं प्रेमिला एकटी नंदनवनात शिरायची. घरी वाट पाहणारं कोणी नव्हतं हे खरं. पण घरी येईपर्यंत बोलून बोलून पोट भरलेलं असायचं. कुलूप काढल्यावरची शांतता तिला विसाव्यासारखी वाटायची.

मग गिरिधर सेठजींच्या मुलानं, रोहितबाबूनं, कारखाना हिंगणा एमआयडीसीत हलवला. इतवारीत ट्रक शिरत नाही, आग लागली तर बंबही शिरणार नाही, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. नवी जागा झकास होती. फरशा, मोठमोठ्या खिडक्या, बायांना वेगळं न्हाणीघर. उद्घाटनाच्या दिवशी पेढा देताना तो म्हणाला होता, "मावशी, तुम्ही तर आता राणीसारख्या याल. एसी मेट्रोत बसायचं, अन् यायचं."

कारखाना हलला आणि माणसं पांगली. रुख्मिणीच्या मुलानं 'एवढ्या दूर नको' म्हणून तिला घरी बसवलं. गोविंदानं सायकल विकून जुनी मोटारसायकल घेतली. सुटी झाली की पॅकिंगमधल्या विक्कीला मागं बसवून तो रिंगरोडनं निघून जायचा. नव्यानं लागलेल्या बाया हिंगण्याकडच्या गावांतल्या, त्यांना न्यायला कंपनीची गाडी यायची. फाटकापाशी दोन मिनिटं सगळे एकत्र उभे राहायचे, 'चला, चला' व्हायचं आणि मग नागपूरच्या दुसऱ्या टोकाला जाणारी प्रेमिला एकटीच बन्सीनगर स्टेशनची वाट धरायची.

सकाळी ती लवकर निघायची, तेव्हा डबे रिकामेच असायचे. दिवसभर यंत्रांच्या घरघरीत कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं. घरी तर बोलणं नव्हतंच. त्यामुळे संध्याकाळची बन्सीनगर ते घराजवळचं टेलिफोन एक्सचेंज ही मेट्रो म्हणजे प्रेमिलाचं चार माणसांत बसणं होतं. तेवढंच. ते गेलं असतं तर तिच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

तिथं कोणी तिच्याशी बोलत नव्हतं, पण तिनं त्यावरही तोड काढली होती. मोठ्या लोकांची गाडी, मोठ्यानं बोलत नसतील. शिवाय मान देणारी माणसं जरा अंतर राखूनच वागतात. पारशिवनीला मास्तरांच्या बाजेवर कोणी बसत होतं का? पोरं फार शिंकायची, याचं तिला वाईट वाटायचं. एसीत बसून बसून सर्द्या होतात. एकदा शेजारच्या बाकावरची मुलगी शिंकून शिंकून लाल झाली, तेव्हा प्रेमिलानं वाकून तिला सांगितलं होतं, "ओवा भाज पोरी, पुरचुंडीत बांध, अन् हुंगत जाय. दोन दिवसांत सर्दी पळते." मुलीनं डोळे पुसत मान हलवली आणि पुढच्याच स्टेशनला ती उतरली. उतरून शेजारच्या डब्यात चढली, हे प्रेमिलानं पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी तिनं त्याचा चांगलाच अर्थ लावला असता.

दिवाळीनंतर शोभाताई खरंच आल्या. मिनलच्या लग्नाची भांडी आणि लुगडी इतवारीतून घ्यायची होती. शनिवारी संध्याकाळी आल्या, रविवारी खरेदी, सोमवारी सकाळच्या बसनं परत, असा बेत होता.

रविवारी सकाळी प्रेमिला चहा टाकत होती. शोभाताईंना हात बांधून बसायची सवय नाही. त्यांनी दोरीवरचे कपडे काढून घड्या घालायला घेतल्या आणि एकामागून एक शिंकू लागल्या.

"सर्दी झाली का वहिनी?"

"सर्दी कायची वं! तुह्या लुगड्याची मिरची. धुवून वाळवलं तरी झोंबून राहिलं." त्यांनी नाक पुसलं. "आम्हीच दिलेलं माहेरचं लुगडं नाकाले झोंबते, असं पहिल्यांदाच पाहिलं बाई."

दोघीही हसल्या. चहा उतू गेला आणि विषय तिथंच राहिला.

इतवारीला जायला टेलिफोन एक्सचेंजहून दोनच स्टेशनं, पण प्रेमिलानं आधी थेट सीताबर्डीपर्यंत जायचं ठरवलं. वहिनीला मेट्रो दाखवायची होती. मेट्रो हे निमित्त. दाखवायचा होता तो मान. त्यासाठी ती डोक्यावरून न्हाली, तिनं कपाटातलं निळं रेशमी लुगडं काढलं, डांबराच्या गोळ्यांचा वास जावा म्हणून दारात झटकलं, अंबाडा घातला. सरकत्या जिन्यावर शोभाताईंनी तिचा दंड घट्ट धरला होता.

"पडली म्हणजे?"

"काही नाही पडत. मी रोज चढते."

गाडी आली. डबा भरलेला होता. रविवारची माणसं, पोरंबाळं, पिशव्या. प्रेमिला वहिनीला घेऊन आत शिरली, मधोमध उभी राहिली आणि वाट पाहू लागली.

कोणी उठलं नाही.

समोरच कॉलेजातली दोन पोरं बसली होती. प्रेमिलानं त्यांच्याकडे पाहिलं, जरा खाकरली. एकानं वर पाहिलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली.

"काहून वं," शोभाताई कानाशी म्हणाल्या, "कोणी उठून नाही राहिलं?"

"थांबा वहिनी. स्टेशनवर गर्दी उतरते, मग देतील जागा."

"गर्दी उतरल्यावर तं जागा खालीच होईन. त्याले मान म्हणतेत का?"

प्रेमिलाचं तोंड उतरलं. गाडी सीताबर्डीला पोचली, त्या उतरून उलट दिशेच्या गाडीत चढल्या, तिथंही तेच. एका लठ्ठ बाईनं तर 'जरा सरका नं' म्हणून तिला कोपरानं ढकललं. शोभाताईंना मजा वाटत होती.

"तुह्या मानाचा आज सुट्टीचा वार दिसते," त्या म्हणाल्या. मग नणंदेचं तोंड पाहून त्यांनी तिचा हात दाबला. "जाऊ दे वं. रविवारचे लोक वेगळे राहतेत."

प्रेमिलानंही स्वतःला तेच सांगितलं. दिवसभर तिनं भांडी ठोकून पाहिली, लुगड्यांचे पोत पाहिले, भाव पाडले, पण मनात रविवारचे लोक वेगळे, रविवारचे लोक वेगळे, असं चाललं होतं.

सोमवारी सकाळी शोभाताई बसमध्ये बसल्या आणि प्रेमिला कामावर गेली. संध्याकाळी बन्सीनगरला दार उघडलं. ती आत शिरली तसा एक पोरगा उठला. "बसा काकू." त्याच्या शेजारचा उठला. समोरच्या बाईनं पदर नाकाला लावून तोंड फिरवलं.

प्रेमिला बसली आणि तिला एकाएकी आपलं लुगडं दिसलं. कारखान्यातलं, पिवळ्या फुलांचं. काल दोरीवरून काढताना वहिनी ज्याच्यापायी शिंकल्या होत्या, तेच. तिनं पदर तोंडाशी नेला आणि खोल श्वास घेतला. काही नाही. पुन्हा घेतला. वास नाहीच. आपलं नाक आपल्याला काही सांगणार नाही, हे तिला कळलं. दुसरं कोण सांगणार?

घरी आल्यावर तिनं ते लुगडं सोडून बादलीत टाकलं. अंगाला वास येतो एवढं सांगायलासुद्धा घरात माणूस लागतं. नवरा असता तर पहिल्याच दिवशी म्हणाला असता, 'आधी आंघोळ कर, मग चूल पेटव.' त्या बोलण्याचा रागही आला असता. तो राग करायला मिळावा असं तिला त्या संध्याकाळी फार वाटलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तिनं गोविंदाला गाठलं. तो चक्कीजवळ बसून डबा खात होता. भुवयांपासून मनगटापर्यंत लाल.

"गोविंदा, एक विचारू का गा? खरं सांगशीन?"

"विचारा नं."

"माह्या अंगाले मिरचीचा वास येते का?"

गोविंदानं घास थांबवला, पुढं वाकून मोठ्यानं हुंगलं आणि प्रामाणिकपणे मान हलवली.

"कायचा वास? मले तं काहीच नाही येत."

"नीट पाय."

"अहो काही नाही. माहीच बायको म्हणत राहते, तुमच्या अंगाले वास येते, वास येते. मी म्हणतो, तुहंच नाक खराब आहे."

एरवी प्रेमिला यावर पोट धरून हसली असती. आता ती 'बरं' म्हणून उठली. रुख्मिणीकडे जाऊन विचारावं असंही मनात आलं. पण रुख्मिणीचं नाकही त्याच चक्कीतून निघालेलं.

मग तिला उन्नती आठवली. बन्सीनगर स्टेशनात आत जाताना बायांची झडती घ्यायला पडद्याआड उभी असते ती. हातातलं यंत्र अंगावरून फिरवायचं, पिशवीत डोकवायचं, 'जा मावशी' म्हणायचं. तिच्या तोंडाला कायम मास्क असायचा. दिवसभरात प्रेमिलाच्या इतक्या जवळ येणारं माणूस ते एकच होतं.

"पोरी, एक सांग," प्रेमिला हात पसरून उभी राहत म्हणाली. "माह्या अंगाले वास येते का?"

उन्नतीचं यंत्र खांद्यापाशी थांबलं. "मावशी, मागं लाइन आहे."

"असू दे. येते का, नाही, एवढं सांग."

उन्नतीनं पडद्याच्या फटीतून बाहेर पाहिलं. मास्क जरा खाली केला. वीस-बावीस वर्षांची पोर, ओठावर तीळ. एवढ्या दिवसांत प्रेमिलानं तिचं तोंड पहिल्यांदाच पाहिलं.

"येते."

"लय?"

"तुम्ही जिन्यावर असता नं मावशी, तेव्हाच मले मालूम पडते." मग तिला वाईट वाटलं असावं. "घाण नाही येत. झोंबते फक्त. डोळ्यात पाणी येते."

"मंग आधी काहून नाही सांगितलं?"

"कोणाले तोंडावर कसं सांगावं?" उन्नतीनं मास्क वर ओढला. "जा मावशी."

फलाटावर प्रेमिला भिंतीला लागून उभी राहिली. लाजेनं ती अर्धमेली झाली होती. ओव्याची पुरचुंडी! स्वतःच मिरचीचं पोतं होऊन पोरीच्या शेजारी बसायचं आणि तिलाच सर्दीवर औषध सांगायचं! पारशिवनीला फोन करून करून मानाच्या गोष्टी सांगितल्या, त्या वहिनीनं भावाला सांगितल्या असतील, भावानं पारावर. तिला वाटलं, परत फिरावं, दोन बस बदलून जावं, कितीही वेळ लागो.

गाडी आली. ती चढली आणि दाराशीच, कोपऱ्यात, दांडी धरून उभी राहिली.

"काकू, बसा ना," एक पोरगा उठत म्हणाला.

"नको बाबा. तू बस."

"नाही, मी उतरतोच आहे."

तो उतरला नाही. दुसऱ्या दाराशी जाऊन उभा राहिला, आणि सीताबर्डी येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिला. त्याची जागा रिकामीच राहिली. प्रेमिलाला त्याचा राग आला नाही. 'वास येते' असं तोंडावर म्हणायच्या ऐवजी ही पोरं 'बसा काकू' म्हणत होती, आणि खोटं बोलून उभी राहत होती. वळण आणखी वेगळं काय असतं? पण त्या रिकाम्या जागेकडे पाहताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मिरचीचं नव्हतं.

त्या रविवारी तिनं पारशिवनीला फोन केला.

"काय म्हणते तुहा मान?" शोभाताईंनी विचारलं.

"बरा आहे," प्रेमिला म्हणाली, आणि तिनं लग्नाच्या आंदणाची गोष्ट काढली.

सोमवारपासून तिनं नवा रिवाज पाडला. सुटी झाली की बायांच्या न्हाणीघरात जायचं. आधी कोरड्या बेसनानं अंग चोळायचं, मग साबण, मग डोक्याला शिकेकाई. थंडीचे दिवस, नळाचं पाणी असं की दात वाजायचे. केस रोज धुतल्यानं डोकं जड व्हायचं. कारखान्यातलं लुगडं तिथंच बादलीत भिजवून खुंटीवर टाकायचं आणि घरून आणलेलं, प्लास्टिकच्या दोन पिशव्यांत बांधून ठेवलेलं लुगडं नेसायचं. पायातल्या चपलाही तिनं वेगळ्या केल्या.

या सगळ्याला वेळ लागायचा. ती बाहेर येईपर्यंत कंपनीची गाडी गेलेली असायची, गोविंदा आणि विक्की गेलेले असायचे. फाटकापाशी होणारं ते दोन मिनिटांचं 'चला, चला' आता तिच्या वाट्याला येत नव्हतं. ओल्या केसांवर पदर घेऊन ती रिकाम्या रस्त्यानं स्टेशनकडे निघायची.

पहिले काही दिवस फरक पडला नाही. वर्षानुवर्षांची मिरची चार बादल्यांत उतरत नाही. पण तिनं नेट सोडला नाही. एक दिवस पडद्याआड उन्नतीनं यंत्र फिरवलं, थांबली, आणि मास्क खाली करून नाक पुढं केलं.

"मावशी, आज नाही येत."

"खरं?"

"आईशपथ. शिकेकाईचा येते."

प्रेमिलानं तिच्या गालावरून हात फिरवला आणि बोटं कानशिलावर मोडली. मागच्या बाईनं 'चला ना लवकर' म्हणून पडदा हलवला.

दार उघडलं. प्रेमिला आत शिरली. कोणी उठलं नाही. नेहमीच्या पोरांपैकी एक समोरच बसला होता. त्यानं वर पाहिलं, क्षणभर ओळखीसारखं केलं आणि पुन्हा मोबाइलमध्ये मान घातली. प्रेमिला दांडी धरून उभी राहिली. पाय दुखत होते, पण मनात तिला उकळ्या फुटत होत्या. कोणी नाक झाकलं नाही. कोणी शिंकलं नाही. सीताबर्डीला लोंढा आत आला आणि ती माणसांत पार चेपून गेली. कोणाची बॅग पाठीत रुतली, कोणाचा खांदा खांद्याला लागला, एकानं पायावर पाय दिला आणि 'सॉरी काकू' म्हटलं. किती दिवसांनी तिला माणसाचा धक्का लागत होता.

रेल्वे स्टेशनला जागा झाली. ती बसली. डावीकडे एक माणूस आधीच बसलेला होता, उजवीकडे तिच्याच वयाची एक बाई येऊन टेकली. ऑफिसातली असावी, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा, कानात मोबाइलच्या तारा. बाईची मांडी तिच्या मांडीला लागली आणि तशीच राहिली. ती उठली नाही.

आता बोलायला काही हरकत नव्हती. प्रेमिलानं लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या. "लय गर्दी आहे आज," ती म्हणाली.

बाई समोर पाहत होती. डाव्या हाताचा माणूस बोटानं मोबाइलचा पडदा सरकवत होता. समोरच्या बाकावर ओळीनं सगळ्यांच्या माना खाली. प्रेमिलानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत डबा पाहिला. एवढी माणसं होती आणि कोणी कोणाशी बोलत नव्हतं. तिच्याशीच नव्हे, कोणीच कोणाशी नाही. तिला वाटलं होतं, मधे मिरची आहे. मिरची गेली होती, आणि मधलं अंतर जिथल्या तिथं होतं.

चितारओळीचं स्टेशन गेलं. ती उठायच्या तयारीनं पुढं सरकली. उठताना तिच्या तोंडून आपसूक निघून गेलं, "बरं, येते हं मी."

बाईनं कानातली एक तार काढली. "मला म्हणालात?"

प्रेमिला गोंधळली. "हो... नाही, माहं स्टेशन आलं. येते म्हटलं."

"अच्छा," बाई म्हणाली. तिनं गुडघे बाजूला करून वाट दिली आणि तार पुन्हा कानात घातली.

टेलिफोन एक्सचेंजला प्रेमिला उतरली. दार अजून उघडंच होतं. तिनं वळून पाहिलं तर तिच्या जागेवर एक माणूस बसलासुद्धा होता, मांडीवर पिशवी घेऊन, त्या बाईला अगदी खेटून.